आभाळाचा धुरा

नाल्याच्या काठावर निम्मं खैरगव्हाण जमलं होतं आणि झाडून सगळ्यांच्या माना वर होत्या. वर, तुरीच्या शेंड्यांपासून पुरुषभर उंचीवर, बचत गटाचं फवारणीचं ड्रोन भुणभुणत उभं होतं. उजवीकडे जात होतं, डावीकडे जात होतं, मागेही येत होतं. पण नाला ओलांडून पलीकडे जायचं नाव घेत नव्हतं. जणू समोर काचेची भिंत होती.

आणि त्या भिंतीचे मालक खाली उभे होते. गगनबंध महाराज. काळा अंगरखा, कपाळभर अंगारा, दोन्ही हात आभाळाकडे.

"पाहा!" महाराज गरजले. "खालची माती तुमची, वरची हवा माही! नाही दोरी, नाही खुंटी, तरी बांधलं गगन! ज्या पाखराले पीस नाही, त्याले माह्या आभायात परवानगी नाही! जंतर, मंतर, निरंतर!"

"निरंतर!" गर्दी ओरडली.

गाव बांधायची रीत आमच्याकडे जुनी आहे. रोगराई आली की भगत लिंबं आणि खिळे घेऊन शिवेवर फिरतो. महाराजांनी तीच रीत वरच्या मजल्यावर नेली होती. जागेला भाडं नाही, खिळेही लागत नाहीत.

मी गुरांचा डॉक्टर. माझ्या पेशंटांपैकी एकानेही आजवर कुठल्या महाराजाच्या पायावर डोकं ठेवलेलं नाही, त्यामुळे माझी मतं जरा बिघडलेली आहेत. त्या दिवशी मी गावचे बडे शेतकरी खुशालराव यांच्या गाभण म्हशीला तपासायला आलो होतो. म्हैस गोठ्यात एकटी आणि घरदार नाल्यावर, म्हणून मीही नाल्यावर गेलो.

ड्रोनचा रिमोट लुबनाच्या हातात होता. लुबना बडनेऱ्याची. रीतसर प्रशिक्षण घेऊन, परवाना काढून ती गटाचं ड्रोन चालवायची. तिच्याशेजारी गटाच्या अध्यक्ष इंदूबाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण नाल्यापलीकडची तूर त्यांची होती.

तूर माणसाच्या डोक्यावर जाते. पाठीवरच्या पंपाने ती फवारायची म्हणजे नळी वर धरायची आणि औषधाचं धुकं आपल्याच तोंडावर घ्यायचं. मागच्या वर्षी इंदूबाईंचे मालक देवमन असेच फवारता फवारता शेतात आडवे झाले. दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. वाचले, पण थोडक्यात. त्या दिवशी इंदूबाईंनी ठरवलं, आता पंप नाही, ड्रोन. आणि आता शेंगेत अळी शिरली होती, ड्रोन नाल्यावर अडलं होतं, आणि घरी देवमन माळ्यावरचा पंप खाली काढून धुवत होते.

"काकू, मशीन बिघडली नाई," लुबना सांगत होती. "तिकडे विमानतळ हाय ना! विमानाच्या वाटेत ड्रोन येऊ नये म्हनून सरकारनं नकाशा केला. हिरव्या भागात उडवा. पिवळ्या भागात इजाजत घेऊन उडवा. लाल भागात बिलकुल नाई. औंदा नकाशा बदलला, नाल्यापलीकडचं पिवळं झालं. नकाशा मशीनच्या पोटातच हाय, इजाजत नसली का ते रेघ ओलांडत नाई. मी अर्ज टाकला हाय."

खुशालरावांनी पान थुंकलं. "म्हंजे सरकारनं आभायात धुरा टाकला म्हनतं?"

"हो, तसंच समजा काका."

गर्दी खदखदून हसली. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध, आणि धुऱ्यावरून गावात निम्मी भांडणं.

"अवो पोरी," खुशालराव म्हणाले, "माह्या अन् वामनरावच्या मंधातला धुरा मोजाले सरकारी मानूस किती वर्सापासून येऊन राह्यला, अजून थो गावात पोचला नाई. अन् थे सरकार आभाय मोजते? काहून थट्टा करतं मानसाची?"

खरं सांगतो, त्या क्षणी मलासुद्धा महाराज जास्त पटायला लागले. सत्याची हीच पंचाईत असते. महाराजांची थाप सोपी आणि ओळखीची होती. लुबनाचं खरं मात्र कानाला निव्वळ थापेसारखं लागत होतं. रिमोटवर सूचना येत होती, पण ती इंग्रजीत. नकाशा बदलला हे गावात सांगायला कुणी आलं नव्हतं.

महाराजांनी लगेच अट घातली. यंत्राला दोष लागला आहे. शुद्धीसाठी ते नाल्याच्या अलीकडच्या त्यांच्या मठात ठेवायचं. आधी मठाच्या यात्रेत त्यातून पुष्पवृष्टी होईल, मग महाराज आभाळ सोडतील.

"पन महाराज," इंदूबाई म्हणाल्या, "त्या नळीतून फुलं कशी जातीन?"

"नळ्या अन् टाकी मी काढीन. चार तर इसकुरू असतात," महाराज म्हणाले.

लुबनाने वळून त्यांच्याकडे पाहिलं. टाकीला खरंच चार स्क्रू होते.

गावसभा बसली. खुशालराव तावातावाने बोलले आणि ठरलं की यंत्र मठात द्यायचं. गटाच्या बायकांनी एकच सवलत मिळवली: शेवटचं एकदा लुबनाला काय दाखवायचं ते दाखवू द्या. घरी आल्यावर देवमन इंदूबाईंना म्हणाले, "यात्रा होईपर्यंत तूर राहाची नाई. मी उद्या पंप घेऊन जातो." इंदूबाईंनी पंपाचा पट्टाच कापून चुलीत टाकला. नवरा-बायकोचं त्यावरून जे वाजलं ते चार घरं पलीकडे ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी लुबनाने शाळेतून कबड्डीच्या मैदानाचा चुना आणला. ती ड्रोन नाल्याकाठाने न्यायची, पलीकडे ढकलून बघायची, आणि ते जिथे अडेल तिथे इंदूबाई खाली चुन्याची फक्की टाकायच्या. मठापासून थेट खुशालरावांच्या शेताच्या कोपऱ्यापर्यंत ठिपके पडले. जोडले तर रेघ झाली, पण सरळ नाही; कमान.

"आता पाहा," लुबना म्हणाली. "महाराजांनी मठाभोवती वेढा घातला असता तर कमानीची टोकं मठाकडे वळली असती का नाई? ही तर मठाकडे पोट करून बसली. दोन्ही टोकं तिकडे वळली, विमानतळाकडे."

लोक कमानीकडे बघू लागले. कुणीतरी हाताने हवेत गोल काढून पाहिला. महाराज अजिबात डगमगले नाहीत.

"शक्तीले उलटं बसाची सवय असते," ते म्हणाले.

"निरंतर!" खुशालराव म्हणाले. पण या वेळी आवाज एकट्याचाच आला.

मग खुशालरावांनीच घोटाळा केला. भक्ताच्या मनात देव कमी आणि शेजारी जास्त असतो. ते हात जोडून म्हणाले, "महाराज, एक कृपा करा. माह्या धुऱ्यावरचं आभाय बांधून द्या. वामनराव ड्रोननं फवारते तं त्याच्या औषदाचा वास माह्या वावरात येते."

खुशालरावांचं शेत मठाच्या बाजूला, कमानीच्या अलीकडे. म्हणजे हिरव्यात, जिथे ड्रोन अडणारच नव्हतं. महाराजांनी कमानीकडे पाहिलं, शेताकडे पाहिलं.

"आज तिथी बरी नाई."

"काल तं चांगली होती," इंदूबाई म्हणाल्या.

"माह्ये पाय दुखून राह्यले."

"आमी नेतो!" खुशालराव म्हणाले. बाज आणली, महाराजांना उचलून बसवलं, आणि चार भक्त जयजयकार करत त्यांना धुऱ्यावर घेऊन गेले. महाराज बाजेवरून उतरायचा प्रयत्न करत होते. भक्त त्याला नम्रपणा समजत होते.

लुबनाने टाकीत औषध नाही, साधं पाणी भरलं. मग ओरडली, "सगळे मागे व्हा! मानसाच्या डोक्यावरून उडवाचं नाई, हा नियम हाय. महाराज, तुमीबी बाजूले बसा, मी धुऱ्याच्या पलीकडून आनते."

ड्रोन उठलं. महाराजांनी डोळे मिटून मंत्र सुरू केला. ड्रोन आलं, धुरा ओलांडला, जराही न अडता पाणी फवारत पुढे निघालं. गर्दीतून "अगाऽऽ" असा आवाज आला. महाराजांनी एक डोळा उघडला. आता काही तरी करणं भाग होतं. ते उठले आणि हात पसरून सरळ ड्रोनच्या वाटेत जाऊन उभे राहिले.

लुबनाने यंत्र जागीच थांबवलं. नियम तो नियम.

"थांबलं!" खुशालराव आनंदाने नाचले. "थांबलं! बांधलं!"

पण पंखे थांबले नव्हते आणि फवाराही बंद व्हायचा होता. ती वावटळ आणि ते पाणी महाराजांवर आलं. कपाळावरचा अंगारा नाकावरून दाढीत गेला, दाढीतून अंगरख्यात गेला. अंगरखा छत्रीसारखा वर उलटला. महाराज दोन्ही हातांनी तो खाली ओढत किंचाळले,

"होम दाब! अवो बाई, होम दाब! होऽऽम!"

"महाराज होम म्हनते!" खुशालराव धावले. "समिधा आना! तूप आना रे!"

"समिधा नाई, बटन दाब म्हनतो बावा!" महाराज रडकुंडीला आले. "उजव्या हाताचं! घराचं चित्र हाय थे!"

लुबनाने फवारा बंद केला. उजव्या हाताचं, घराचं चित्र असलेलं बटन दाबलं. ड्रोन वर उठलं, मागे वळलं आणि जिथून उडालं होतं तिथेच येऊन गुपचूप टेकलं.

लुबनाने रिमोट उंच धरून लोकांना बटन दाखवलं. "याले होम म्हनतात. दाबलं का मशीन आपल्या जाग्यावर वापस येते. हे ड्रोन उडवनाऱ्यालेच माईत असते." मग महाराजांकडे वळली. "कुठे शिकले, भाऊ?"

भाऊ म्हटल्यावर महाराज खाली बसले. अंगरखा पिळता पिळता सगळं ओकले. लग्नाची शूटिंग करायचे. उन्हाळ्यात याच नाल्यावर नवरदेव घोड्यावर आणि ड्रोन आभाळात असताना ते अडलं. वधूपित्याने शिव्या घातल्या, घोडेवाल्याने चेष्टा केली. पण एक म्हातारी मात्र अडलेल्या ड्रोनच्या पाया पडली. "मंग मले समजलं, धंदा कुठे हाय," ते म्हणाले. "अन् तसंबी ड्रोन उडवाले लायसन मागते. बावा व्हाले कोनी काही मांगत नाई."

हे मात्र ते खरं बोलले.

लोक हसायला लागले. इंदूबाई हसल्या नाहीत. त्या पुढे झाल्या. "तुह्या यात्रेच्या फुलांसाठी माहा मालक पंप घेऊन निघाला होता. थो पुन्हा वावरात पडला असता तं तू कोनतं बटन दाबलं असतं?"

खुशालराव खाली मान घालून तूप परत पाठवायला सांगत होते.

लुबनाच्या अर्जाला परवानगी आली. अमुक दिवशी, सकाळच्या अमुक वेळात, इतक्याच उंचीवर. त्या सकाळी ड्रोन नाल्यावर आलं आणि जिथे रोज अडायचं तिथून सरळ पलीकडे गेलं. ना मंत्र झाला, ना नारळ फुटला. देवमन फवाऱ्यापासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभे होते. तूर निघेपर्यंत ते शेतात गेले ते फक्त शेंगा बघायला.

खैरगव्हाणच्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. आभाळात खरोखरच रेघ आहे. ती माणसांनी मारली आहे, कारण वर विमानात माणसं बसलेली असतात. ती रेघ हवीच. पण नियम करणाऱ्यांनी तो गावात येऊन, गावाच्या भाषेत सांगितला नाही, की मधल्या रिकाम्या जागेत महाराज येऊन बसतो. तेव्हा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत रंगवा, आणि अर्जाचं उत्तर पिकाला अळी लागायच्या आत द्या. आणि आपण शेतकऱ्यांनी, पशुवैद्यांनी, सगळ्यांनी एवढंच करायचं: काही कळलं नाही तर हात जोडायच्या आधी विचारायचं. ज्याला खरं माहीत असतं तो सांगतो. ज्याला विचारल्यावर राग येतो, त्याच्या हाती आपलं यंत्र आणि आपला माणूस देऊ नका.