बेटावर न गेलेली बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. जुनी म्हणजे अडगळीत पडून जुनी झालेली. चाकांवरची रबराची लव अजून पुरती झडलेली नाही. हेच तर माझं दुखणं आहे. धावून धावून थकलेल्या गाड्यांच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील, आज उभं राहून राहून थकलेल्या गाडीची ऐका. मध्येच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म महाळुंग्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या टपावर हायड्रोजन वायूच्या टाक्या आहेत. हा वायू हवेतल्या ऑक्सिजनला भेटला की वीज तयार होते, तिच्यावर माझी चाकं फिरतात आणि मागच्या नळीतून धुराऐवजी निव्वळ पाणी गळतं. गेटवरचे वॉचमन गेनबा त्या नळीखाली पत्र्याचा डबा धरायचे आणि ते पाणी गेटजवळच्या कढीपत्त्याला घालायचे. "गाडी मुतती अन् झाड वाढतं, राव," असं म्हणून खो खो हसायचे. आज मी उभी आहे तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांचं वावर होतं, त्यामुळे माझ्यावर त्यांचा जरा जास्तच हक्क.

मला कोकणकिनाऱ्यापलीकडच्या एका लहानशा बेटासाठी बनवलं होतं. तिथे डिझेल होडीतून येतं. समुद्र खवळला की होडी बंद, होडी बंद की गाडी बंद. मग आजारी माणसाला खाटेवर घालून दवाखान्यापर्यंत उचलून न्यायचं. ऊन आणि वारा मात्र तिथे रगड. त्यांच्यापासून वीज करायची, विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तिथेच पंप बसवायचा आणि मी धावायचं, असं ठरलं होतं. बेटाचे सरपंच कोंडाजी यांनी पंपासाठी ओटासुद्धा बांधून घेतला. त्यांची अट एकच होती: गाडी आणि पंप यांचा मेळ आधी आमच्या डोळ्यांदेखत दाखवा.

माझी देखभाल योगिनी करायची. बीडकडची पोरगी, कामाला वाघ. माझ्या तोंडाशी, म्हणजे पंपाची नळी बसते तिथे, काळ्या काचेचे बारीक डोळे आहेत. वायू भरताना मी ते मिचकावून पंपाला सांगत असते, टाकी किती भरली, किती तापली. माझा निरोप मिळाला नाही, तर पंप फुंकरभर वायूही देत नाही. कारखान्यातल्या पंपावर मी अकरा वेळा पोटभर जेवले, एकदाही अडले नाही.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक यंत्राची पूजा होते. सगळ्यांनी माझ्या काचेवर गंध लावलं, पुढे नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. योगिनीचं समाधान होईना. "जिथनं जेवती तिथं कुंकू लावायला पायजे की," असं म्हणत तिने तेलात कुंकू कालवलं आणि जाड बोटाने माझ्या तोंडाशी ठसठशीत स्वस्तिक काढलं. माझे डोळे बुजले. ती हात जोडून उभी राहिली. मी आतल्या आत किंचाळले. पण बसला ओरडायला हॉर्न लागतो, आणि हॉर्न वाजवायला माणूस लागतो.

पंधरा दिवसांनी कोंडाजी आले. नळी लावली, पंप पिपाणीसारखा वाजला आणि थांबला. पुन्हा लावली, पुन्हा थांबला. तीन तास हेच चाललं. प्रकल्पाचे प्रमुख नानासाहेब यांचा रुमाल घामाने भिजला. कोंडाजी रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ते म्हणाले, "सायेब, इथं येवढे इंजिनियर हायेत तरी ही जेवत नाय. आमच्या बेटावर रुसली तर कोनाला बोलवायचा?"

त्यानंतर सहा महिने मला उसवलं. तारा बदलल्या, संगणक बदलला, पंपाची नळी बदलली. लॅपटॉप मांडीवर घेऊन मोठमोठी माणसं माझ्या आत डोकावली. बाहेरचं कुंकू सगळ्यांना दिसत होतं. एकदा रणजीत नावाच्या फिटरने फडकं उचललं, तर योगिनीनेच त्याचा हात धरला. "कुंकू पुसू नको रे भावा, अपशकुन असतो." त्याने मुकाट्याने फडकं खाली ठेवलं. त्या क्षणी मला स्वतःचीच काच फोडावीशी वाटली!

शेवटी 'वाहन बेटासाठी अयोग्य' असा अहवाल गेला. मी अयोग्य! मग मला मागच्या भिंतीशी लावलं. सीटांवर रिकामी खोकी ठेवली, दुपारी माझ्या सावलीत लोक डबे खाऊ लागले. माझ्यावर हात फिरवायला एकटी योगिनी यायची, आणि माझा आजार शोधत तोंडावरूनच नजर नेऊन परत जायची.

यंदाची खंडेनवमी उजाडली. पूजेआधी यंत्रं धुवायची रीत आहे. नवं कुंकू लावायचं म्हणून जुनं धुतलं तर कुणाची हरकत नसते. योगिनीने साबणाच्या पाण्याने माझं तोंड घासलं. लाल पाणी ओघळलं, काळी काच चमकली आणि तिचा हात थबकला. लगेच ती मला पंपावर घेऊन गेली. नळी लावली. मी डोळे मिचकावले. बारा मिनिटांत टाक्या भरल्या.

ती माझ्या पायरीवर बसून रडली. "मीच केलं गं हे. वर्षभर मीच." गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. पण ती तडक नानासाहेबांकडे गेली, सगळं सांगितलं आणि त्यांना हाताला धरल्यासारखं माझ्यापाशी घेऊन आली. तिथूनच त्यांनी कोंडाजींना फोन लावला. झाला प्रकार सांगितला.

"सायेब, गेल्या महिन्यात डिझेलच्या दोन गाड्या आल्या," कोंडाजी म्हणाले. "तुमच्या पंपाच्या ओट्यावर बायका सुकट वाळवतात. अवसेला दर्या खवळला, तवा दोन दिस त्या गाड्या पन बंद होत्या. एक बाळंतीण खाटेवरून न्यावी लागली. पन आता लोकांना परत काय सांगू?"

नानासाहेबांनी फोन खिशात ठेवला. "बघू," म्हणाले. मित्रांनो, हा 'बघू' डिझेलच्या धुरापेक्षा जास्त झोंबतो.

वस्तूंची पूजा जरूर करा. योगिनीच्या मायेबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्षातून एकदा हात जोडता, तसा रोज फडक्याचा एक हात फिरवा. आणि काही बिघडलं, तर आपण प्रेमाने काय केलं होतं तेही एकदा तपासा. तिथे कुणी बघत नाही हो!

दुपारी गेनबा पूजेचं ताट घेऊन आले. "पोरी, हिच्या तोंडाला कुंकू न्हाई लावलंस व्हय?"

योगिनीने कुंकवाचं बोट माझ्या टायरला टेकवलं. "न्हाई काका. तिथं तिचे डोळे हायेत."

गेनबांनी वाकून पाहिलं. "म्हंजी वरीसभर आपुन हिला आंधळी ठिवली," एवढंच पुटपुटले. मग गेटमागून आपला जुना पत्र्याचा डबा शोधून आणला, सदऱ्याने पुसला आणि माझ्या मागच्या नळीखाली ठेवला.

माझं पोट भरलेलं आहे, डोळे उघडे आहेत. डबा अजून कोरडा आहे.