फॉर्मवरचं 'नाही'

माझं दोन खुर्च्यांचं सलून आहे. एका खुर्चीवर मी, दुसरीवर धाकटा भाऊ. बावीस वर्षं दिवसभर उभं राहून कंबर कामातून गेली. कळ डाव्या पायात उतरायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मणक्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन बघू."

ठरलेल्या दिवशी माझ्या आधीच्या माणसाला साखर वाढली म्हणून परत पाठवलं. मला धडकीच भरली. आत नर्सनं फॉर्म भरताना विचारलं, "डायबेटिस?"

"छे, तसलं काही नाही."

चार वर्षं गोळ्या खातोय मी. बाहेर बायको माझे रिपोर्ट घेऊन बसली होती. तिला म्हणालो, "तोंडी सांगितलंय सगळं."

दुसऱ्याच दिवशी पाय हलका झाला. पण तोंड लालबुंद, झोप गायब, घशाला सारखी कोरड. कुणी काही बोललं की मी अंगावर धावून जायचो. चौथ्या दिवशी आमचे शाळेतले जुने मास्तर दाढीला आले. मला समोरचं धुरकट दिसत होतं. चष्मा पुसला, आरसा पुसला. कानाजवळ वस्तरा नेला आणि कानाची पाळीच कापली.

मास्तर नुसतं "अरे!" म्हणाले. पांढऱ्या कापडावर रक्ताचे थेंब पडले. चार गिऱ्हाइकं बघत होती. मी भावावर ओरडलो, "ब्लेड नीट बसवता येत नाही तुला?"

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग तुरटी घेऊन तो मास्तरांचा कान दाबून उभा राहिला.

दुपारी घरी बायकोनं बोटातून रक्त काढून साखर तपासली. चारशे बारा! तिनं लगेच दवाखान्यात फोन लावला. पलीकडून नर्सचा आवाज मलाही ऐकू आला. "फॉर्मवर तर डायबेटिस नाही असं लिहिलंय."

"ह्यांच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल," बायको म्हणाली. माझी लाज झाकायला तिला खोटं बोलावं लागलं. फोन ठेवल्यावर तिनं माझे सगळे रिपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवले.

संध्याकाळी डॉक्टरांना मी खरं सांगितलं. ते चिडले नाहीत. "या औषधानं साखर चढते, नजरही धुरकटते. आधी कळलं असतं तर साखर आटोक्यात आणून मग दिलं असतं, रोज तपासायला लावली असती." गोळ्या वाढवून त्यांनी मला आठवडाभर वस्तरा हातात धरायला बंदी केली.

तिथून मास्तरांच्या घरी गेलो. कानाला पट्टी होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "माझं सोड. भावाला सांगितलंस का?"

दुसऱ्या दिवशी सलून भरलेलं असतानाच मी म्हणालो, "काल ब्लेड ठीक होतं. दोष माझा होता. मला नीट दिसत नव्हतं, तरी वस्तरा चालवला."

भाऊ कात्री चालवत राहिला. "ब्लेड तूच बसवलं होतंस, दादा."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाइकांसमोर तुझा काय मान राहिला असता?"

मला वर बघवेना. झाडू घेऊन मी केस गोळा करायला लागलो.

दोन आठवड्यांत साखर उतरली. मास्तर अजून येतात, मला घरच्यांची खुशाली विचारतात आणि दाढीला भावाच्या खुर्चीवर बसतात.