पोटातली कूर्चा

थाक बोंग-सुन बाईंच्या पोटाचा तुकडा मी भिंगाखाली धरला, तो फक्त बुसानच्या रुग्णालयाला पाठवायच्या नव्या काचेवर रंग नीट चढलाय का पाहायला. निदान करणं डॉक्टरांचं काम. माझं काम मेणात तुकडे बसवायचे, पापुद्र्याएवढे पातळ कापायचे आणि रंगवायचे. टोंगयोंगच्या त्या दवाखान्यात अकरा वर्षं मी तेच करत होते.

डॉक्टर प्यो यांनी अहवालात कर्करोग लिहून ठेवला होता. शुक्रवारी बुसानला बाईंचं जठर काढणार होते. कालवं सोलणारी बाई, बावन्न वर्षांची.

काचेवर जठराच्या अस्तराच्या पेशी दिसल्या, खाली स्नायूचा पट्टा. सगळं जागच्या जागी. पण बाजूला थोडा सुटा असा एक कण होता, आणि कर्करोगाच्या वेड्यावाकड्या पेशी त्यातच होत्या. त्याच्या कडेला निळसर, काचेसारखं काहीतरी. मी भिंगाची ताकद वाढवली. कूर्चा. नाकाचा शेंडा दाबला की लागते ती. पोटात कूर्चा नसते.

हा कण दुसऱ्या कुणाचा तरी होता.

माझ्या मनात पहिलं नाव आलं ते सांग-पिलदादाचं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा. गेले काही आठवडे त्याचे हात थरथरत होते आणि तो ते खिशात लपवायचा. तो जेवायला गेल्यावर मी त्याची कामाच्या नोंदींची वही उघडली.

"काय शोधतेस?" तो दारातच उभा होता.

"काही नाही दादा. पेन."

"पेन तुझ्या कानावर आहे."

तो आत आला, वही बंद केली आणि कामाला बसला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

दुपारी मी थाकबाईंचा तुकडा मेणात बसवला त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी काढल्या. थाकबाईंच्या आधी मेणात बसवलेला नमुना होता घशाचा, आणि घशात कूर्चा असते. चू म्योंग-हो, मासळीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस. आवाज बसला म्हणून आला होता. अहवाल, "साधी सूज." नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, तीन तुकडे. काचेवर दोनच होते.

म्हणजे तिसरा चिमट्याला चिकटून पुढच्या मेणात गेला होता. एका बाईचं चांगलं जठर काढलं जाणार होतं आणि एक माणूस घशात रोग घेऊन निर्धास्त हिंडत होता.

चिमटा कुणी धरला होता ते चिठ्ठीच्या खाली लिहिलेलं असतं. मी पाहिलं. माझी सही होती.

चिठ्ठी फाडता आली असती, हेही मनात आलं. मग ती घेऊन डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी काच पाहिली, मग मला. "ही चूक आजच कशी सापडली तुला? कुणी काही बोललं का?"

"नाही, डॉक्टर. कूर्चा दिसली."

"मला नाही दिसली ती," ते म्हणाले. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, पण त्यांनी बुसानला फोन करून शस्त्रक्रिया थांबवली आणि तो कण कुणाचा ते ठरवायला डीएनए तपासणीला पाठवला.

चार दिवस माझ्याकडे सगळे वेगळ्याच नजरेने पाहत होते. निकाल आला. कण चू यांचाच होता. गाठ लहान होती. किरणांचे उपचार मिळाले, आवाज घोगरा राहिला, पण जीव वाचला. थाकबाईंना फक्त आम्लपित्त होतं.

मला दोन महिने कापण्याच्या टेबलावरून हटवलं. ते योग्यच होतं.

त्या टेबलावरच्या शेवटच्या दिवशी मी सांग-पिलदादाला म्हटलं, "मी तुझ्यावर संशय घेतला."

"कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने हात खिशातून काढून टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. "कारण मलाही वाटत होतं, की मीच केलं असेल. तुझी सही दिसली तेव्हा मला बरं वाटलं, ओक-जू. त्याचंच वाईट वाटतंय."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून डॉक्टरांकडे हात दाखवायला गेला.