बुडीत रेषेच्या आतलं घर

बांधावरची नोकरी तिला थोरल्या दिराच्या शब्दावर मिळाली होती, आणि चारचौघांत ते ऐकवायची संधी तो कधी सोडत नसे. "घरातलीच बाई. तिला उघड्यावर कशी टाकणार?" असं म्हणून तो भोवतीच्या माणसांकडे बघे आणि माणसं माना डोलवत. खरं कारण त्या दोघांनाच ठाऊक होतं. तोंडात घास असला की माणूस बोलत नाही, असा त्याचा हिशेब होता.

बांध मातीचा होता, तीन पुरुष उंच, दोन टेकड्यांच्या मध्ये घातलेला. एरवी कोरडा ठणठणीत. पाऊस कोसळला की वरून येणारा ओढा त्याने अडवायचा आणि पोटातल्या मोरीतून बेताबेताने खाली सोडायचा, म्हणजे खालची वस्ती वाहून जात नसे. मोरीच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. जाळीत फांद्या अडकल्या की पाणी तुंबे आणि वरच्या बाजूला पसरत जाई. ते कुठवर पसरेल याच्या खुणेचे दगड पाटबंधारे विभागाने पुरले होते. ती बुडीत रेषा. तिच्या आत घर बांधायला सक्त मनाई. थोरल्या दिराने ते दगड उपटले, शंभर पावलं खाली नेऊन पुरले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत टुमदार घर बांधलं. बांधाच्या देखरेख समितीचा प्रमुख तोच. कुंपणच शेत खायला लागल्यावर विचारणार कोण?

चार वर्षांपूर्वी बांधाचा रखवालदार होता तिचा नवरा. असाच धो धो पाऊस, आणि सकाळी थोरल्या भावाचा फोन. ती शेजारीच उभी होती.

"दादा, पाणी ओढ घेतंय. वाहतं असताना जाळीजवळ जायचं नाही, असा नियम आहे," नवरा म्हणाला.

दादाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. "मला नियम शिकवतोस? पायरीला पाणी लागलंय माझ्या. नवी फरशी आहे. दोन मिनिटांचं काम, फांद्या ओढायचा आकडा घे आणि जा!"

नवरा गेला. लहानपणापासून दादाचा शब्द त्याने खाली पडू दिला नव्हता. पाणी ओसरलं तेव्हा तो जाळीलाच सापडला.

चौकशीला साहेब आले तेव्हा थोरला दीर डोळे पुसत म्हणाला, "मी कशाला फोन करू? त्याला जरा प्यायची सवय होती. तोल गेला असेल."

ज्या माणसाने जन्मात थेंब तोंडाला लावला नव्हता, त्याच्याबद्दल! ती ओरडून ओरडून सांगत राहिली. फोन पाण्यात गेला होता, आणि दुःखाने बाईचं डोकं ठिकाणावर नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. थोरली जाऊ मान खाली घालून साडीच्या पदराशी चाळा करत बसली. अहवालात 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' असे दोन शब्द लिहिले गेले. त्या दोन शब्दांनी नवरा तिच्यासाठी दुसऱ्यांदा मेला.

पुढे तीच जागा तिला दिली गेली. तिने मुकाट्याने घेतली. पहिल्याच आठवड्यात तिने नियमांची वही तोंडपाठ केली. घुशींची बिळं बुजव, उतारावर उगवलेली रोपटी मुळासकट उपट, कोरड्या दिवसांत जाळी घासून साफ ठेव, सगळं ती काटेकोर करी. बांधावर तिचा राग नव्हता. खालच्या वस्तीत दोनशे माणसं झोपत होती. लोक तिला बांधवाली म्हणू लागले. दीरही कौतुकाने म्हणे, "बघा, आमची धाकटी कशी हाताला वळण असलेली आहे!" ती हसून "हो भाऊजी" म्हणे आणि मनात म्हणे, थांबा जरा.

तीन वर्षं पाऊस बेताचाच झाला. चौथ्या वर्षी दिराने आवारातली झाडं छाटून घेतली आणि फांद्यांचा हा मोठा ढीग कुंपणाच्या आत, ओढ्याच्या काठावर टाकून दिला. बांधाच्या माथ्यावरून तिला तो स्वच्छ दिसत होता. मोठं पाणी आलं की सगळा ढीग थेट जाळीवर येणार, हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता. ती कुंपणापर्यंत गेली. तारेवर हात ठेवून उभी राहिली. हाक मारली असती तर जाऊ बाहेर आली असती, गडी लावून दुपारपर्यंत ढीग हलला असता.

तिने हाक मारली नाही. ज्याने दगड हलवले त्यानेच ठरवलं होतं, की कुंपणाच्या आतलं सगळं त्याचं. ती आल्या पावली परत फिरली.

पंधरा दिवसांनी पाऊस लागला तो तीन दिवस हटेना. तिसऱ्या सकाळी ढीग सुटला आणि तासाभरात जाळी गच्च झाली. मोजपट्टीवर पाणी हाताहाताने चढू लागलं. तिने विभागाच्या बाईसाहेबांना फोन लावला. बाईसाहेब नव्या होत्या, पण पक्क्या. "सांडवा मोकळा आहे ना? जादा पाणी तिथून जाईल. बांधाच्या पायथ्याला गढूळ पाणी झिरपतंय का, ते बघत राहा. आणि जाळीजवळ कुणी जायचं नाही. तुम्हीही नाही."

ती पायथ्याशी फिरून आली. झिरपा होता, पण काचेसारखा स्वच्छ. बांध धड होता.

मग दिराचा फोन. "अगं, आहेस कुठे? पायऱ्या बुडाल्या माझ्या! जाळी मोकळी कर आधी."

"भाऊजी, नियम अकरावा. पाणी वाहतं असताना जाळीजवळ जायचं नाही."

"चुलीत घाल तुझा नियम!"

"तो माझा कुठे? खाली तुमचीच सही आहे, समितीचे प्रमुख म्हणून."

दहाव्या मिनिटाला तो गाडी घेऊन बांधावर हजर. मागे जाऊ, भिजलेली, हातात कसलीशी पिशवी. तो नखशिखांत संतापला होता. "पाणी दिवाणखान्यात शिरलंय! तुझा नवरा असता तर गेला असता!"

"गेलाच," ती म्हणाली.

तिने रखवालदाराच्या खोपटाच्या भिंतीला टेकवलेला लांब आकडा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. "घ्या. दोन मिनिटांचं काम."

त्याने खरंच आकडा घेतला. जाळीकडे जाणाऱ्या बांधाच्या पायऱ्या उतरू लागला. चौथ्या पायरीवर पाणी त्याच्या पोटऱ्यांना लागलं, आणि पुढे जाळीवर भोवरा दात ओठ खात फिरत होता. जाऊ किंचाळली, "अहो, नका!" अजून एक पायरी, एवढंच बांधवालीच्या मनात आलं, आणि तसं आलं म्हणून तिला स्वतःचीही भीती वाटली नाही. पण तो पाचवी पायरी उतरलाच नाही. आकडा पाण्यात टाकून, हातांनी पायऱ्या चाचपत, रांगत वर आला. ओठ पांढरे पडले होते.

दम परत आल्यावर तो ओरडला, "तुझी नोकरी घालवतो! वरपर्यंत जातो!"

"जा की. पण लेखी द्या, भाऊजी. तोंडी बोललेलं पुढे कुणी धरत नाही, माझा अनुभव आहे. पूर्वी काम कसं व्हायचं आणि आता मी कसं करत नाही, सगळं तपशीलवार लिहा."

"लिहितोच!" तो म्हणाला.

पाणी दिराच्या घराच्या खिडकीच्या चौकटीपर्यंत चढलं आणि तिथे सांडव्याने त्याला थोपवलं. खालच्या वस्तीत कुणाचं अंगणही ओलं झालं नाही.

त्याने तक्रार केली, दोन पानं भरून, सहीशिक्क्यासह. रागात माणूस फार खरं लिहितो. आठवड्याने बाईसाहेबांनी तिला कचेरीत बोलावलं आणि कागद मोठ्याने वाचला. 'सदर बाई आदेश पाळत नाहीत. पूर्वीचा रखवालदार, माझा भाऊ, मी फोन करताच पाऊसपाण्याची पर्वा न करता जाळी मोकळी करीत असे. अखेरच्या दिवशीही मी सांगताक्षणी तो गेला होता.'

बाईसाहेबांनी चष्मा काढला. "जुना अहवाल मी काल काढून वाचला. त्यात यांचाच जबाब आहे, फोन केलाच नव्हता म्हणून."

"वाचलात ना?" एवढंच तिच्या तोंडून निघालं. चार वर्षं तिने या क्षणाचं भाषण तयार ठेवलं होतं. त्यातला एक शब्द आठवेना.

मग चक्रं फिरली. जावेला विचारलं, तेव्हा तिनेही मान वर केली. "फोन माझ्यासमोर केला होता," ती म्हणाली. जुना अहवाल बदलला. निष्काळजीपणा आणि दारू दोन्ही खोडून, कामावर असताना, समितीच्या प्रमुखाने नियमाविरुद्ध पाठवल्यामुळे मृत्यू, असं लिहिलं गेलं. दिराचं पद गेलं, त्याच्यावर खटला उभा राहिला. मोजणीवाले आले, दगड जुन्या जागी गेले, आणि घर पाडायचा हुकूम निघाला.

पाडकाम सुरू झालं त्या दिवशी तिने रजा घेतली आणि डबा घेऊन समोरच्या चढावर जाऊन बसली. लोक काय म्हणतील ते म्हणोत. दीर सामानाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून राहिला होता, काच वर करून. जाऊ गाद्या बाहेर आणत होती. मध्येच ती चढ चढून आली आणि शेजारी धापा टाकत बसली.

"झालं समाधान?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"नाही अजून, ताई," बांधवाली म्हणाली आणि डब्यातली अर्धी भाकरी तोडून तिच्यापुढे केली. "दिवाणखान्याची भिंत राहिली आहे."

जावेने भाकरी घेतली. दोघी जेवत तिथेच बसून राहिल्या.