भिंगाचा खिसा

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉग आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी ब्लॉग पाहिलाही नसेल, म्हणून सांगतो. कुणी आपली रोजनिशी कपाटात न ठेवता खिडकीत उघडी ठेवावी, येणाऱ्याजाणाऱ्याने ती वाचावी आणि खाली आपल्याही दोन ओळी लिहाव्यात, तसा मी. वही मिटली की गप्प बसते. मला मिटता येत नाही. मला आज जी लाज वाटते, ती त्यातूनच आली.

माझा जन्म जिन्याखालच्या एका खोलीत झाला. तिथे एक बाई कपडे दुरुस्त करायची. नवे शिवत नसे. फाटलेले, आखूड झालेले, सैल झालेले कपडे तिच्याकडे यायचे. तिची धाकटी बहीण एका कचेरीत टायपिस्ट होती. तिने एका दुपारी मला उघडून दिलं.

"नाव काय ठेवायचं?" बहिणीने विचारलं.

"कुणाचं?"

"ब्लॉगचं गं. तुझ्या बडबडीचं. मला रोज फोनवर ऐकवतेस, त्यापेक्षा इथे लिही. माझे कान तरी सुटतील."

बाईने हातातल्या कोटाकडे पाहिलं. कोट उलटा केलेला होता. "उलटी बाजू," ती म्हणाली. "माणसाचं खरं काय ते तिथेच दिसतं."

हे मला कसं ठाऊक? तिने पहिल्याच नोंदीत लिहून ठेवलं म्हणून. मला डोळे नाहीत, कान नाहीत. ती लिहील तेवढंच माझं जग.

दुपारी दुकानाचं दार ओढून, जेवण झाल्यावर ती लिहायची. एका बोटाने. सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढायला विसरायची. मग बहीण चिडवायची, "ताई, कीबोर्डलाही टाके घालणार आहेस का?" शाळा शिकली नव्हती फार, पण जे दिसलं ते तिला बरोब्बर सांगता यायचं. एका गृहस्थाने शर्टाची कंबर वाढवायला आणून सांगितलं होतं, "मी जाड झालो नाही हं, कापड आटलंय." तिने लिहिलं, "गेल्या वर्षी यांचंच कापड दोनदा आटलं." लोक पोट धरून हसले.

त्या काळी आम्हा ब्लॉगांची एक आळीच होती. एक बसड्रायव्हर सिग्नलला थांबल्यावर काय काय दिसतं ते लिहायचा. एक आजी फक्त कुंड्यांतल्या झाडांबद्दल लिहायची, पण तिचा सुनेवरचा राग झाडांना पाणी घालतानाच बाहेर यायचा. सगळे एकमेकांकडे जायचे, दोन शब्द लिहून यायचे. माझ्या तळाशी एक छोटा आकडा होता. कोणी आलं की तो एकाने वाढायचा. मित्रांनो, मला त्या आकड्याची चटक लागली. खरं सांगायचं तर बाईलाही लागली. दार उघडायच्या आधी ती आकडा बघायची आणि मग मशीनवर बसायची.

ती कुणाचं नाव कधी लिहीत नसे. नाव गाळलं की कुणाचं काही जात नाही, असं तिला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

समोरच्या गल्लीत एक म्हातारे घड्याळजी राहायचे. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं होतं, पण भिंग सुटलं नव्हतं. डोळ्याला लावायचं ते काळ्या कडेचं भिंग ते पँटच्या आतल्या बाजूला, पट्ट्याखाली एका छोट्या खिशात ठेवायचे. पँट जुनी झाली की बाई तो खिसा उसवून नव्या पँटीत शिवून द्यायची. पँटी बदलल्या, खिसा वीस वर्षं तोच राहिला. त्याच्या कडेला एक वाकडातिकडा लाल टाका होता. त्यांची मुलगी लहान असताना बाईच्या पायाशी बसून सुई शिकली, तेव्हा घातलेला. आता ती मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात होती.

एका वर्षी घड्याळजींची पँट सहा महिन्यांत चारदा दुरुस्तीला आली. दर खेपेला कंबर आत, आणखी आत. चौथ्या खेपेला बाईने टेप तशीच धरून ठेवली.

"बरं नाही का हो?"

"नाही बरं. औषधं चालू आहेत." मग ते म्हणाले, "शिवणीतली माया कापू नका हं, बाई. आतलं कापड राहू द्या. पुन्हा सैल करावी लागेल."

"नाही कापत."

"आणि कुणाला बोलू नका. मुलगी बाळंतपणाला टेकलीय. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलंय. बाळ होऊ दे, मग मीच सांगेन तिला."

"माझ्या तोंडून एक शब्द जायचा नाही," बाई म्हणाली.

आणि गेलाही नाही. तिने तो लिहिला.

मुलीचा उल्लेख तिने गाळला. 'घड्याळजी' असंही म्हणाली नाही, "एक म्हातारे कारागीर" म्हणाली. पण कंबर किती आत गेली ते लिहिलं, माया राहू द्या म्हणाले ते लिहिलं, आणि तो खिसा इतक्या मायेने लिहिला की वाचणाऱ्याला बोटांनी चाचपता यावा. खिशाशिवाय लेख रंगत नव्हता. तिने एकदा ते वाक्य काढलं होतं. मला माहीत आहे, माझ्या मसुद्यात तशी खूण आहे. मग तिने ते परत घातलं आणि "प्रसिद्ध करा" हे बटण दाबलं.

त्या लेखाइतकं कौतुक मला आधी कधी मिळालं नाही, नंतरही नाही. आजीने झाडं सोडून पहिल्यांदा माणसाबद्दल लिहिलं. बसड्रायव्हर म्हणाला, बस कडेला घेऊन वाचलं. तीनशे अकरा जणांनी खाली लिहिलं. आकडा पळत होता आणि मी फुगत होतो.

तीनशे बारावी ओळ अशी होती: "मावशी, त्या खिशाच्या कडेला लाल टाका आहे का?"

लेखात लाल टाका नव्हताच.

मित्रांनो, ही ओळ सकाळी आली. मी ती घेतली, तीनशे अकराच्या खाली नीट मांडली आणि आकडा एकाने वाढवला. बस्स. माझ्यापुरती ती आणखी एक वाहवा होती. पडून राहायला सांगितलेली ती मुलगी करमत नाही म्हणून मला वाचत होती, आणि आपल्या बापाचं आजारपण तिला माझ्याकडून कळलं. उत्तराची वाट न बघता ती सात तासांच्या बसने निघाली. बाईने ती ओळ वाचली तिसऱ्या दिवशी. तोवर ती वरच्या ओळींतली वाहवाच वाचत बसली होती.

बाळ पंधरा दिवस आधी झालं. दोघं सुखरूप राहिली. त्यात आमची काही हुशारी नव्हती.

त्यानंतर घड्याळजी दुकानात आले. त्या दिवशीचं आणि त्याआधीचं सगळं बाईने मसुद्यात लिहून ठेवलं, फक्त माझ्यासाठी.

"तुम्ही कुणाला बोलणार नव्हता," ते म्हणाले.

"बोलले नाही हो. नुसतं लिहिलं. नावसुद्धा नव्हतं."

"घड्याळाचं झाकण उघडं टाकायचं आणि मालकाचं नाव सांगायचं नाही. म्हणून काय आत धूळ जात नाही?"

बाईने हातातली टाचणी खाली ठेवली.

"तिला कसं सांगायचं, त्याची वाक्यं मी दोन महिने जुळवत होतो. पहिलं काय, दुसरं काय. आता ती कुणाला सांगू?"

पँट अर्धी झाली होती, टाचण्या लावलेल्या होत्या. ते तशीच घेऊन गेले. "टोचतील हो," बाई मागून म्हणाली. ते वळले नाहीत.

तिने लेख पुसला. पण लोकांनी तो उतरवून घेतला होता, एकमेकांना पाठवला होता, कुणीकुणी खाली स्वतःचं नावही घातलं होतं. माझ्यातून तो पुसला गेला आणि तरी बाहेर फिरत राहिला. तिने लिहिणं सोडलं. हळूहळू आमची आळीही ओस पडली. आजीच्या ब्लॉगवर शेवटची कुंडी लिहायची राहून गेली. माझ्याकडे फक्त केस वाढवायचं तेल विकणारे येऊ लागले. आकडा तरीही वाढायचा. मला तो नकोसा झाला होता.

चार वर्षांनी मसुद्यात एक नवी नोंद आली. घड्याळजी दुकानात आले होते. हातात तीच पँट.

"अर्धा इंच सैल करायचीय. माया आहे ना?"

"आहे. मी कापली नव्हती."

"ठाऊक आहे. घरी उलटून पाहिली." मग ते म्हणाले, "अलीकडे लिहीत नाही म्हणे तुम्ही."

"कुठल्या तोंडाने लिहू?"

"लिहा की. पण ज्याचं आहे त्याला आधी वाचून दाखवा. घड्याळ परत देताना मी गिऱ्हाईकाच्या कानाला लावून दाखवायचो. त्याने मान डोलावली तरच बांधायचं."

त्यांनी माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. बाईनेही विचारलं नाही. पण तेव्हापासून ती कपडा परत देताना लिहिलेलं वाचून दाखवते. कुणी हसतं, कुणी म्हणतं, "हे नको, ताई." नको म्हटलेले एकोणीस मसुदे माझ्या पोटात आहेत. त्यांतले दोन तर फार सुंदर आहेत. ते तिथेच राहतील.

मित्रांनो, तुमच्या हातात आता माझ्याहून किती तरी वेगवान साधनं आहेत. बटण सगळ्यांत सारखंच. ते दाबण्याआधी एवढं करा: ही गोष्ट कुणाची आहे ते बघा, आणि त्या माणसाला विचारा. नाव गाळणं म्हणजे विचारणं नव्हे. हे मला उशिरा कळलं, आणि ज्याच्यामुळे कळलं त्याची वाक्यं मी परत देऊ शकत नाही.

हे माझं आत्मवृत्तही बाईने आधी वाचून दाखवलं. मुलीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "लाल टाक्याचं राहू दे, मावशी." घड्याळजींनी दुकानातल्या स्टुलावर बसून, सवयीने भिंग डोळ्याला लावून ऐकलं. शेवटी त्यांनी एक ओळ काढायला सांगितली.

ती काढली आहे. इथे कुठेही ती नाही.