हिंगाचं बारसं

आमच्या ऑफिसात सात सर्व्हर होते आणि सातांचीही नावं मी ठेवली होती. मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथी, धने आणि हिंग. मसाल्याच्या डब्यात वाट्या सात, मशिनंही सात, जमून गेलं. हिंग सगळ्यांत लहान. त्याचं काम एकच, रोज संध्याकाळी पाचला रक्ततपासणीचे अहवाल बारा दवाखान्यांना मेलने पाठवायचे. पण ते एक दिवस नसलं की सगळे बोंबलत येतात.

मग २००५ च्या मार्चमध्ये आमची न्यू जर्सीतली, पिस्कॅटवेची चिमुकली कंपनी एका बड्या कंपनीने गिळली, आणि हेड ऑफिसकडून एक यादी आली. डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं नाव, पुढे नवा पत्ता. हिंगाचं नवं नाव होतं पीएसएलएक्स झिरो सेव्हन. तुरुंगात कैद्याला देतात तसलं. आणि म्हणे नाव बदलायला पाच मिनिटं लागतात! ज्यांनी कधी बदललेलं नसतं, तेच असं म्हणतात.

मला अनुभव होता. लग्नात शंतनूने ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'प्रतिमा' असं लिहिलं. नाव सासूबाईंनी निवडलेलं, अक्षर त्याचं. मी हसून उखाणा घेतला, कारण उत्तरा हे नाव इतक्या सहज पुसलं जाईल असं मला वाटलंच नव्हतं. पासपोर्ट, डिग्री, व्हिसा, नोकरी सगळीकडे मी उत्तराच राहिले. मॅरेज सर्टिफिकेटवर मात्र प्रतिमा. आता ग्रीन कार्डाचा अर्ज करताना वकील म्हणाला, दोन नावं दिसतायत, ही एकच बाई आहे हे दाखवा. एकतर पासपोर्टवरचं नाव बदला, नाहीतर प्रतिज्ञापत्र करा.

"पासपोर्टच बदलू ना यार," शंतनू म्हणाला. "एकदाच काय ते. कायमची कटकट मिटेल."

मी दमलेली होते. म्हटलं, कर काय ते. त्याने फॉर्म भरून डायनिंग टेबलावर ठेवला. सोमवारी तो न्यूयॉर्कला कॉन्सुलेटमध्ये देणार होता. फक्त माझी सही बाकी होती.

त्या शनिवारी सकाळी त्याच टेबलावर, त्याच फॉर्मशेजारी लॅपटॉप उघडून मी घरूनच हिंगाचं नाव बदलायला घेतलं. एका फाइलीत नवं नाव घातलं, दुसरीत नवा पत्ता. यादीत दिलेला गेटवेचा आकडा, म्हणजे मशीनने बाहेर पडायचं ते दार, तोही तिसरीकडे टाकला. मग नेटवर्क रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन गोठली. हिंग गायब. ज्या फांदीवर बसले होते तीच मी तोडली होती.

"रीबूट करून बघ ना," शंतनू सोफ्यावरून म्हणाला. तो सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. भीक नको पण कुत्रं आवर.

"कशाला रीबूट करू? दिसतच नाहीये ते! जाते ऑफिसला."

"प्रतिमा, जेवून तरी जा गं," सासूबाई म्हणाल्या. त्या तीन महिन्यांपासून आमच्याकडे एडिसनला होत्या. मी न जेवताच निघाले.

सर्व्हर रूममध्ये थंडी असते आणि मोबाइलला रेंज नसते. शाल गुंडाळून मी दोन तास बसले. केबल बदलली, नेटवर्क कार्ड तपासलं, फाइलीतलं एकेक अक्षर यादीशी ताडून पाहिलं. सगळं बरोबर होतं, पण हिंगाला खोलीबाहेरचं कुणी सापडत नव्हतं. मी त्याला शिव्या घातल्या. मग हेड ऑफिसला घातल्या. मग स्वतःलाही.

अडीच वाजता भिंतीवरचा फोन वाजला. माझा मॅनेजर प्रल्हाद होता.

"अगं, आहेस कुठे? गेटवेचा नंबर चुकीचा दिलाय त्यांनी! मला बारालाच मेल आली होती."

"आणि तू आत्ता सांगतोयस?"

"मोबाइल लागेना. घरी दोनदा फोन केला. एक बाई म्हणाल्या, 'राँग नंबर. इथं उत्तरा नावाचं कुणी राहत नाही.' दुसऱ्यांदा तर रागावल्या माझ्यावर. म्हटलं, घर बदललंस की काय?"

सासूबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. त्यांच्या मते त्या घरात उत्तरा नावाचं कुणी राहतच नव्हतं. रोज पोळ्या लाटताना माझ्या शेजारी उभ्या राहणाऱ्या त्या हे अगदी मनापासून म्हणाल्या असणार.

प्रल्हादने खरा आकडा सांगितला. दोन मिनिटांत हिंग जगाशी बोलायला लागलं. मी एक चाचणीची मेल पाठवली आणि ती फटकन परत आली. हेड ऑफिसचा मेल सर्व्हर म्हणत होता, हिंग नावाचं कुणी आमच्या यादीत नाही.

मी डोक्याला हात लावला. सकाळीच नवं नाव घातलेलं मशीन अजून बाहेर 'मी हिंग' असंच सांगत होतं! वैतागून त्याचं जुनं नाव पुसूनच टाकलं, तर आतले सगळे जुने प्रोग्रॅम बंद पडले, कारण ते हिंगाला हिंग म्हणूनच हाका मारत होते. पुन्हा घातलं, पुन्हा मेल परत. सव्वाचार वाजले. पाचला बारा दवाखाने अहवालांची वाट पाहणार होते.

तेव्हा ती ओळ दिसली. मशीनमध्ये एक लहानशी फाइल असते, तिच्यात आधी पत्ता असतो, मग नाव आणि मग हवी तितकी टोपणनावं. मी नवं नाव ओळीच्या शेवटी जोडलं होतं. पण मशीन पहिलं जे असेल तेच आपलं नाव धरतं. बाकीची फक्त हाक मारण्यापुरती. नावं दोन असायला काहीच हरकत नव्हती. पहिलं कुठलं, एवढाच प्रश्न होता.

मी पीएसएलएक्स झिरो सेव्हन उचलून पुढे नेलं आणि हिंग मागे. मेल गेली. मशीनच्या नावाच्या बाबतीत मला हरावं लागलं, ते ठीक होतं. त्याला वाईट वाटत नाही.

घरी पोचले तेव्हा फॉर्म तिथेच होता आणि वर पेनही ठेवलेलं होतं.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "प्रतिज्ञापत्र करू. आधी उत्तरा, आणि 'हिलाच प्रतिमा म्हणतात' असं पुढे."

"दोन्ही नावं राहणारच आहेत ना? मग काय फरक पडतो?" शंतनू वैतागला. "अख्खा फॉर्म भरलाय मी!"

"पहिलं कुठलं, त्याने पडतो फरक. तू मला नावाने शेवटची हाक कधी मारलीस, सांग."

तो विचारात पडला. "अगं..." म्हणाला, आणि थांबला.

"बघ. तुला दोन्हींची गरजच नाही."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. मी त्यांना विचारलं, "आई, दुपारी कुणाचा फोन आला होता?"

"कुणीतरी मेला उत्तरा उत्तरा करत होता. राँग नंबर." एवढं बोलल्या आणि त्यांचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! तूच की गं ती!"

मला ओरडायचं होतं. पण त्यांचा चेहरा इतका पडला की मी फक्त एक कागद घेतला, त्यावर ठसठशीत 'उत्तरा' लिहिलं, खाली बारीक अक्षरात 'म्हणजेच प्रतिमा', आणि तो फोनच्या वर भिंतीला चिकटवला. शंतनूने फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो दोनदा फाडून कचऱ्यात टाकला.

साडेपाचला फोन वाजला. बाराही दवाखान्यांना अहवाल पोचले हे सांगायला प्रल्हादच असणार. मी उठायच्या आत सासूबाईंनी रिसीव्हर उचलला. चष्मा वर करून त्यांनी कागद नीट वाचला.

"हो, हो, उत्तरा इथेच राहते," त्या ठासून म्हणाल्या. "थांबा हं, देते."

मग माझ्याकडे वळून त्यांनी रिसीव्हर पुढे केला.

"घे गं प्रतिमा. उत्तराचा फोन आहे."