भिंतीवरची पहिली ओळ

“फडकं तरी द्या वं कोणी! साऱ्या घोड्यांची लाळ माह्याच हाताले.” मनोहरराव माझ्या कानाशी कुरकुरले. त्यांची दोन बोटं आमच्या घोडीच्या, रेशीमच्या तोंडात होती. मी हसू दाबत फडकं पुढे केलं.

उमरेड रोडच्या या मैदानात दर संक्रांतीनंतर शिंगरांची शर्यत होते. बांबूंना तुराट्या बांधून सात ताट्या आडव्या उभ्या करायच्या आणि त्यांवरून घोडी उडवायची. नियम एकच. घोडं कोवळं हवं, तोंडात अजून दुधाचे दात हवेत. सहासष्ट साली पहिली शर्यत झाली, तेव्हा मनोहररावांचा घोडा जिंकला. आमचा मानभर मागे, दुसरा आला. मैदानाच्या भिंतीवर गेरूनं त्यांचं नाव चढलं. पुढे दात तपासायचं कामही त्यांच्याचकडे आलं. त्या साली मात्र त्यांच्या घोड्याचं तोंड कोणी उघडलं नव्हतं. शंका साऱ्यांना, पण विषय निघाला की सगळे थंडीबद्दल बोलू लागत.

माझे यजमान रुपराव टांगा हाकतात. त्या हारीनंतर तेरा वर्षं त्यांनी या मैदानावरून टांगा नेला नाही. सवारी भांडली तरी लांबून फिरवत. यंदा मात्र स्वतःच रेशीमला घेऊन आले. “भिंतीवर एकडाव नाव लागलं पाह्यजे,” एवढंच म्हणाले.

“कोवळी हाय,” मनोहरराव म्हणाले. बोटं पुसता पुसता थांबले. “चांगली ठेवली गा, रुपराव.”

रुपराव रेशीमची आयाळ सारखी करत राहिले.

माझा दीर कृष्णकांत तिच्यावर बसला. सुटताच रेशीम चौथी! मी डोळे मिटून घेतले.

“काहून डोये मिटते वं? तुले उडी माराची हाय का?” शेजारची यमुताई ओरडली.

तिसऱ्या ताटीत दोन घोडे अडकले. तुराट्या काडकाड मोडल्या. पाचवीला रेशीम दुसरी. सातवीवर तिनं पाय असे पोटाशी घेतले की एक काडी हलली नाही. पुढे कोणीच नव्हतं!

मैदान उसळलं. रुपराव तिच्या गळ्यात पडून रडत होते, आणि डोळ्यांत धूळ गेली म्हणत होते.

मनोहररावांनी गेरूचा डबा घेतला. शेवटच्या ओळीत रुपरावांचं नाव लिहिलं. मग हात उंच करून पहिल्या ओळीतलं स्वतःचं नाव आडव्या रेघेनं खोडलं.

“हे काय करून राह्यले जी?” यमुताईनं विचारलं.

“तिथंबी रुपरावचंच पाह्यजे,” ते म्हणाले. “त्या साली माह्या घोड्याच्या तोंडात दुधाचा एकबी दात नव्हता.”